रिकाम्या पारड्याची तपासणी

आधीच सांगून ठेवतो, मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही. मी वजनमापं खात्यातला निरीक्षक. जन्म गेला तो दुकानादुकानांत जाऊन तराजू नि काटे तपासण्यात. लोक माझ्या पाठीमागे मला 'काटेसाहेब' म्हणायचे, आणि ते काही प्रेमानं नव्हे. म्हातारपणी मी भारीतले हेडफोन पिशवीत घालून, त्यांना कुठला अ‍ॅम्प्लिफायर जुळेल म्हणून दुकानाच्या पायऱ्या झिजवीन, असं तेव्हा कोणी म्हणालं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

हेडफोन लेकीनं दिले. माझी बायको गेली, त्यानंतर थोड्याच दिवसांनी. "बाबा, घर खायला उठत असेल तुम्हाला, काहीतरी ऐकत जा," म्हणाली. मी म्हटलं, "मी काय ऐकणार डोंबल?" पण ती खोकं ठेवून गेली. जावई तिच्याहून हौशी. त्यानं ते कुठले, कसले, किती नाजूक, हे मला इतकं समजावलं की मला वाटलं हेडफोन नाहीत, तान्हं मूलच सांभाळायला दिलंय.

काय ऐकायचं हे मात्र मला ठाऊक होतं. आमची ही शाळेत शिकवायची, आणि निवृत्त झाल्यावर अंधांच्या वाचनालयासाठी पुस्तकं वाचून द्यायची. मधल्या खोलीच्या दाराला जाड रजई टांगायची, टेबलावर वाचनालयानं दिलेला छोटा रेकॉर्डर ठेवायचा, आणि मला दम भरायचा. "अहो, तासभर भांडी आपटू नका. खोकायचं असेल तर आत्ताच खोकून घ्या." स्वतःच्या घरात मी चोरपावलांनी फिरायचो. चिडायचोही. आता वाटतं, काय हरकत होती, आणखी वीस वर्षं फिरलो असतो.

शेवटच्या वर्षी तिला दम लागायला लागला. हृदय थकलंय, डॉक्टर म्हणाले. तरी वाचणं सोडलं नाही. एक जाडजूड कादंबरी अर्धी झाली होती. "लोक पुढं काय झालं म्हणून खोळंबले असतील हो," म्हणायची. एका दुपारी असंच वाचून बाहेर आली, आणि कॉटवर आडवी झाली. मी स्वयंपाकघरात चहा टाकत होतो. "काय होतंय गं?" मी विचारलं. "काही नाही, दमले जरा." संध्याकाळी दिवे लावायच्या सुमाराला गेली. लेकीला कळवलं होतं, पण ती बसमध्ये होती. तिला आई भेटली नाही.

दमले जरा. हे दोन शब्द मला आजही सोडत नाहीत. नुसती दमली होती, की छातीत कळ येत होती आणि मला सांगितलं नाही? तशी होतीच ती. दाढ दुखली तरी कळू द्यायची नाही. मी चहाच्या नादात तिचं खरं मानलं. तेव्हाच उचलून दवाखान्यात न्यायला हवं होतं का? हे कोणाला विचारू?

वाचनालयानं तिचं सगळं वाचन एका पेनड्राइव्हवर भरून मला दिलं. त्यातली शेवटची फाईल त्या दुपारची. तो फोनला जोडून हेडफोनही फोनलाच लावणार होतो, तेवढ्यात मेहुणा आडवा आला. हा हिचा धाकटा भाऊ. रेडिओ उघडायचा आणि उरलेले स्क्रू डब्यात ठेवायचे, हा त्याचा लहानपणापासूनचा उद्योग, म्हणून आम्ही त्याला खटपट्याच म्हणतो. "भाऊजी, असले हेडफोन नुसत्या फोनला लावता? पाप लागेल," म्हणाला, आणि स्वतःचा जुना व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर आणून फोन आणि हेडफोनच्या मधे जोडून दिला. पत्र्याची पेटी, वर काचेच्या नळ्या, तेच ते व्हॉल्व्ह. चालू केला की त्या हळूहळू निखाऱ्यासारख्या तापतात.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी खोलीत मागे वळून पाहिलं. ती माझ्या दोन्ही कानांच्या मधोमध बसून वाचत होती. शेवटची फाईल लावली. 'तिनं दार उघडून बाहेर पाहिलं,' असं वाक्य आलं, आणि ती थांबली. प्रकरण अर्ध्यावरच. त्यापुढं फाईल मिनिटभर चालू राहते. बटण दाबायचं विसरली असेल, किंवा दम खात बसली असेल. मला वाटलं, आता काही नाही. आणि मग आत, अगदी आत, तिचा श्वास ऐकू आला. सावकाश वर चढायचा, मध्येच अडकल्यासारखा व्हायचा, मग सुटायचा. पुन्हा चढायचा.

त्या दिवसापासून माझी दुपार ठरली. जेवायचं, भांडी घासायची, पेटी तापवायची आणि ते मिनिट ऐकायचं. पुन्हा पुन्हा ऐकायचं. कारण उत्तर त्यातच होतं. श्वास शांत असेल तर ती खरंच नुसती दमली होती. तो अडकतो तिथं कळ असेल, तर ती माझ्याशी खोटं बोलली. कधी वाटायचं शांत आहे, त्या दिवशी मला झोप लागायची. कधी वाटायचं अडकतोय, आणि मग तीन दिवस अन्न गोड लागायचं नाही.

लेक महिन्यातून एकदा येते. मी तिच्यापुढं हेडफोन धरले की ती हात मागे घ्यायची. "नको बाबा, अजून नको." जावयानं मात्र स्वतःच्या आवडीचं काहीतरी लावून ऐकलं आणि तोंड वाकडं केलं.

"बाबा, यात घरघर आहे. या हेडफोनना हे मशीन जुळत नाही."

"मला नाही ऐकू आली घरघर."

"सवय झालीय तुम्हाला. चांगला अ‍ॅम्प्लिफायर लावा, मग बघा. आत्ता पडद्याआडून ऐकताय. बारीकसारीक सगळं कळेल."

बारीकसारीक सगळं कळेल! बस्स, एवढंच माझ्या डोक्यात बसलं. पडदा बाजूला झाला तर श्वास स्वच्छ ऐकू येईल. दमली होती की दुखत होतं, एकदाचा निकाल लागेल.

तर अशी माझी वारी सुरू झाली दुकानाची. दुकानात एक बंद खोली, भिंतींना जाड कापड, मध्ये एक खुर्ची, आणि समोर फळीवर अ‍ॅम्प्लिफायर ओळीनं मांडलेले. दुकानदार इतकं हळू बोलायचा की मी त्याचं नाव हळूबोल्या ठेवलं. पण माणूस चोख. दोन मशीनची तुलना करायची तर आधी दोन्हींचा आवाज यंत्रावर मोजून सारखा करायचा, मगच ऐकायला द्यायचा.

"का हो, एवढा खटाटोप?" मी विचारलं.

"जे मोठ्यानं वाजतं तेच चांगलं वाटतं, काका. माणूस फसतो."

मी मनात म्हटलं, हा आपल्या जातकुळीचा. आमच्या खात्यात शोभला असता.

माझे हेडफोन हातात घेऊन तो म्हणाला, "हे फार हलक्या कानाचे आहेत. इवल्याशा विजेवर वाजतात. म्हणून यांना जोराचं मशीन नको, शांत मशीन हवं. मशीनच्या पोटात जी गुरगुर असेल ती हे तुम्हाला जशीच्या तशी ऐकवतील."

हे त्यानं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी मान डोलावली आणि पेनड्राइव्ह पुढं केला. माणसाला जे ऐकायचं नसतं ते कानाशी ओरडून सांगितलं तरी ऐकू येत नाही.

पहिलं मशीन लावलं. आवाज लखलखीत, पण हिचा नव्हेच, हिच्या एखाद्या कडक बहिणीचा असावा तसा. दुसरं नको इतकं गोड. उपवर मुलीला स्थळं बघावीत तशी मी मशीनं बघत होतो. एकाचं नाक बरं नाही, एकाचा स्वभाव बरा नाही. तिसऱ्यात मात्र ती आली. पान उलटल्याची सळसळ आली, 'श' म्हणताना तिची जीभ किंचित घसरायची तेही आलं. माझ्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. मग शेवटचं वाक्य आलं, तिनं दार उघडून बाहेर पाहिलं, आणि मी श्वास रोखून धरला.

काही नाही.

अगदी काहीच नाही. मी आवाज वाढवला. हळूबोल्या धावत आला, "काका, कान जातील." मी म्हटलं, "याच्यात दम नाही, याच्यावरचं दाखवा." त्यानं याच्यावरचं दाखवलं, मग त्याच्यावरचं. जितकं मशीन भारी, तितकी ती शांतता दाट. शेवटी हळूबोल्यानं समोर स्टूल घेतलं आणि विचारलं, "काका, तुम्हाला नक्की काय ऐकायचंय?"

सांगायचं नव्हतं, पण सांगितलं. त्यानं हेडफोन घेतले, डोळे मिटून ते मिनिट ऐकलं, आणि मान हलवली. "इथे काही नाही, काका."

"माझ्या घरच्या मशीनवर आहे. रोज ऐकतो. तुमची मशीनं बहिरी आहेत!"

"घरच्या एकाच मशीनवर येतं, आणि इथे एकावरही नाही..." एवढं बोलून तो थांबला. भला माणूस. "तिसरं घरी घेऊन जा, जुन्याशेजारी ठेवून निवांत ऐका," म्हणाला.

घरी नेलं. टेबलावर दोन्ही शेजारी शेजारी ठेवली. जुन्यावर श्वास येत होता, नव्यावर येत नव्हता. हेडफोनची पिन इकडून तिकडे करून करून बोटं दुखली. आता माझ्या धंद्याचं सांगतो. एका बाजारात सगळे काटे एक वजन सांगतायत, आणि एकच काटा जास्त सांगतोय, तर मी कोणाची मान धरली असती? दुसऱ्या कोणाचं घर असतं तर दारातच निकाल दिला असता. पण इथं मी काय केलं? मी म्हटलं, फाईलच कच्ची असणार, वाचनालयात मूळ प्रत असेल, तीत श्वास भरपूर असेल, ती आणली की नव्यावरही ऐकू येईल. आणि गेलो.

तिथं ध्वनिमुद्रणाचं काम बघणारा एक मुलगा आहे, मुलगा म्हणजे चाळिशीचा असेल. मला बघून उठून उभा राहिला. काकूंची आठवण काढली. काकूंचं वाचन मागणारे लोक अजून फोन करतात, म्हणाला. मला बरं वाटलं. मग मी मूळ प्रतीचं काढलं.

"मूळ नाही राहिली, काका. जागा पुरत नाही. साफ केलेली प्रत ठेवतो आणि कच्ची पुसतो."

"साफ केलेली म्हणजे?"

"म्हणजे खोकला, खुर्चीची करकर, श्वास, सगळं काढतो. सगळ्यांचंच काढतो, पद्धतच आहे आमची. ऐकणाऱ्याच्या कानाला टोचतं ना ते. काकूंचे तर शेवटी शेवटी फार होते." त्याचा आवाज मऊ झाला. "यंत्रावर सोडलं नाही मी. एकेक श्वास स्वतः बसून काढला. म्हटलं, काकूंचा आवाज शेवटपर्यंत ठणठणीत वाटला पाहिजे."

मी विचारलं, "आणि शेवटच्या फाईलच्या शेवटी? ते मिनिट?"

"पुढचं वाचन जोडायचं होतं म्हणून तेवढी जागा तशीच ठेवली. पण तिथे काही नाही, काका. पूर्ण शून्य आहे."

त्याच्यावर ओरडावं असं फार वाटलं. अरे गाढवा, तेवढंच तर हवं होतं मला! पण त्याच्या तोंडाकडे बघवेना. त्यानं किती मायेनं केलं होतं ते. मी "बरं केलंस बाबा" म्हटलं आणि जिना उतरलो.

घरी आलो. दुपार होती. पेटी चालू केली, नळ्या तापू दिल्या.

आमच्या कामात पहिली तपासणी रिकाम्या पारड्याची. वजन ठेवायच्या आधी, काहीही न ठेवता, काटा शून्यावर आहे की नाही ते बघायचं. रिकाम्या पारड्याला जो काटा वजन दाखवतो तो खोटा. नोकरीला लागल्यावर हे पहिल्या दिवशी शिकवतात. मी नव्या पोरांना हे शिकवता शिकवता म्हातारा झालो. आणि इतके महिने मी एकदाही हेडफोन नुसते, काही न लावता, कानाला लावले नव्हते.

पेनड्राइव्ह काढून खिशात ठेवला. आवाजाचं बटण पार खाली केलं. हेडफोन लावले.

श्वास येत होता. सावकाश वर चढत होता, मध्येच अडकत होता, सुटत होता.

रडूही येईना. मी माझ्या बायकोला परत आणली होती ती एका पत्र्याच्या पेटीतून, आणि आता ती दुसऱ्यांदा गेली. बरं, दाद कोणाकडे मागणार? त्या मिनिटात काय होतं ते आता कोणालाच कधी कळणार नाही. दमली होती की दुखत होतं, याचा निकाल त्या भल्या मुलानं पुसून टाकला होता, आणि मी पेटीच्या गुरगुरीत तो शोधत बसलो होतो.

खटपट्याला फोन केला. सहज विचारल्यासारखं विचारलं.

"हां, तो एक व्हॉल्व्ह म्हातारा झालाय, भाऊजी," तो हसला. "धाप लागलीये त्याला. जाईलच आता लवकर. येतो रविवारी, नवा टाकतो. मग बघा कसा गप्प होतो ते."

"हात लावू नकोस," मी खेकसलो आणि फोन ठेवला. का खेकसलो ते मलाच कळलं नाही. हळूबोल्याला मात्र दुसऱ्याच दिवशी सांगून टाकलं, तिसरं मशीन परत करत नाही, घेतलं.

शनिवारी लेक आली. एकटीच. चेहरा उतरलेला. जेवताना दोन घास खाऊन ताट सारलं आणि म्हणाली, "बाबा, मला आज ऐकवा. त्या दिवशीचं. बसमध्ये होते मी, आणि माझ्या डोळ्यांपुढं तेच येतं हो. तिला किती त्रास झाला असेल तेच. रात्र रात्र डोळा लागत नाही."

मी नव्या मशीनकडे गेलो. खरं सांगतो, नव्याकडेच गेलो होतो. पण त्याच्यासमोरची खुर्ची मोडकी, म्हणून ती जुन्यासमोर जाऊन बसली होती, आणि तिनं बटणही दाबलं होतं. नळ्या तापायला लागल्या. मी पिन लावून दिली, शेवटची फाईल लावली.

आईचा आवाज आला तशी तिनं तोंडावर पदरासारखी ओढणी धरली. मी समोर उभा होतो. तिच्या ओठांवरून कळत होतं कुठलं वाक्य चाललंय. मग ओठ थांबले. दार उघडून बाहेर पाहिलं गेलं होतं. तिनं एकदम माझं मनगट पकडलं.

"बाबा! आई श्वास घेतेय."

मी फोनच्या पडद्याकडे पाहिलं.

"किती सावकाश घेतेय. शांत आहे हो. झोपलेल्या माणसासारखा आहे. त्रास नव्हता तिला, बाबा. नव्हता ना?"

डोळे मिटून ती ऐकत राहिली. फोनच्या पडद्यावर मला दिसत होतं, फाईल कधीच संपली होती. आकडे थांबले होते. पोरगी मात्र ऐकत होती. तिचा चेहरा हळूहळू सैल पडत गेला. आई गेल्यापासून तो तसा मी पाहिला नव्हता. तिनं हुंदका दिला, पण तो मोकळा हुंदका होता.

"नव्हता ना बाबा?" तिनं पुन्हा विचारलं.

हजारो काटे तपासले असतील मी. ओळखीपाळखीचे, पाया पडणारे, शिव्या देणारे, कोणाचाही मुलाहिजा ठेवला नाही. खोट्या काट्यावर एकदाही शिक्का मारला नाही.

"नव्हता," मी म्हटलं. "दमली होती जरा."

तिनं डोळे पुसले, नाक ओढलं आणि लहानपणी मागायची तशा आवाजात म्हणाली, "ही फाईल मला पाठवा ना. घरी ऐकेन मी रोज."

तिच्या घरी जावयाचं मशीन. चोख, गप्प, पोटात जराही गुरगुर नसलेलं. तिथे ती ही फाईल लावेल, त्या वाक्यानंतर कान देईल, आणि मग माझ्यासारखीच पिना बदलत बसेल.

"नुसती फाईल काय पाठवायची," मी म्हटलं, "हे मशीनच घेऊन जा. हेडफोनही ने. यांची जोडी जमलीय."

"अहो बाबा, मग तुम्ही काय ऐकणार?"

"मला नवं आहे ना. हेडफोन दुसरे आणीन." मी पेटीची वायर गुंडाळायला घेतली. तिच्याकडे पाठ केली. "एक सांगतो. मामाला याला हात लावू देऊ नकोस. नवऱ्यालाही सांग, दुरुस्त करायचं नाही. जसं आहे तसंच ऐकायचं."

"का हो?"

"तुझ्या मामाच्या हातात गेलेली वस्तू कधी धड परत आलीय का?"

ती रडता रडता हसली. पेटी तिनं दोन्ही हातांनी उराशी धरून नेली, काचेच्या नळ्यांना धक्का लागू नये म्हणून जिना एकेक पायरी थांबत उतरली. तो व्हॉल्व्ह किती दिवस काढेल कोण जाणे. एखाद्या दुपारी तो जाईल, आणि तेव्हाही तिला पोचायला उशीर झाला असं वाटेल, आणि त्यावर माझ्याकडे औषध नाही.

हळूबोल्यानं मला दुसरे हेडफोन दिले, नव्या मशीनला अगदी जुळणारे. याहून चांगली जोडी मिळणार नाही, म्हणाला. खोटं नव्हे. हिचा आवाज आता समोर बसल्यासारखा येतो. रोज दुपारी मी शेवटची फाईल लावतो. तिनं दार उघडून बाहेर पाहिलं, असं ती म्हणते, आणि मी ते मिनिट शेवटपर्यंत ऐकतो. काटा अगदी शून्यावर असतो.